पडद्यावरच्या बाईचा प्रश्न

“मेजर, पहिल्या रांगेत बसू नका. तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसा. म्हंजे उठलासा की हॉलभर दिसशिला.”

धनाजी इंगवले मला वाचनालयाच्या जिन्याखाली उभं करून हे सांगत होता. ऑगस्टातला शनिवार, दुपारचे साडेचार. कारगिलला दहा वर्षं झाली होती आणि विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. धनाजी तालुक्यात पक्षाचं काम बघायचा. कुठल्या पक्षाचं ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही.

“आणि उठायचं कधी?” मी विचारलं.

“त्यांच्याकडचं, म्हंजे पाकिस्तानातलं मानूस पडद्यावर आलं की उठायचं. तुमी निस्तं ‘बंद करा’ म्हना. फुडचं आमची पोरं बगतील.” मग जरा जवळ सरकून म्हणाला, “आनि त्ये संघटनेचं ठरल्यालं हाय बरं का. दुसरं नाव कुणी घेत न्हाई.”

तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचं अध्यक्षपद त्या महिन्यात रिकामं झालं होतं. मी ते मागितलं नव्हतं. पण नकोही म्हटलं नव्हतं.

मी मेजर नव्हतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या गडहिंग्लज भागात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, आणि मी तर कारगिलचा. जोतिबा खवरे म्हटलं तर चारजण विचार करतील, ‘कारगिलचा मेजर’ म्हटलं की शेंबडं पोर घर दाखवायचं.

जिना चढून वर गेलो तर दारातच म्हेत्रे सर. त्यांनी मला आठवीत मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते वाचनालय सांभाळायचे आणि महिन्यातून एकदा तिथं चांगला सिनेमा दाखवायचे. या वेळी पुण्याच्या आठल्ये नावाच्या बाईंनी केलेला माहितीपट होता. तासाभराचा. लढाईत दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी काय कमावलं आणि दोन्हीकडच्या घरांनी काय घालवलं, असा काहीसा विषय. त्यात धनाजीच्या पक्षाच्या एका पुढाऱ्याची जुनी भाषणं होती, म्हणून तर धनाजीची धावपळ.

सरांनी माझा हात धरला. “आलास, बरं झालं. मला सकाळपासून फोन येताहेत, दाखवू नका म्हणून. तू समोर बसलायस म्हटल्यावर मला धीर आहे.”

सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी पाठवून मला बोलावलं होतं. सिनेमा संपल्यावर मी चार शब्द बोलायचे होते. मी त्यांनाही हो म्हटलं होतं आणि धनाजीलाही.

“सर, पटलं नाही तर?”

“तर तसं बोल. मी कुठं म्हणतोय माझ्यासारखं बोल? पण पाहून बोल, एवढंच.”

हॉलमध्ये साठ-सत्तर खुर्च्या होत्या, सगळ्या भरलेल्या. मागच्या भिंतीला टेकून धनाजीची आठ-दहा पोरं उभी. पहिल्या रांगेत गौराबाई रेडेकर बसली होती. आमच्या शेजारच्या वाडीची. तिचा धाकटा मुलगा विलास त्याच लढाईत गेला. माझ्या पलटणीतला नव्हता, दुसऱ्याच भागात होता. एका चौकीवर चढताना सात-आठ जण वरच राहिले, ताबा मिळाला नाही, आणि त्यांचे देह अकरा दिवसांनी हाती लागले. विलासची पेटी घरी आली तेव्हा ती उघडायची नाही असं सांगितलं होतं. मी नंतर रजेवर आलो तेव्हा तिला भेटायला गेलो होतो. तेव्हापासून ती मला पोटच्या पोरासारखं वागवायची. सणाला बोलवायची. डोंगरावर काय असतं, थंडी किती असते, जेवण कसं वर पोचतं, सगळं पुन्हापुन्हा विचारायची. मी सांगायचो.

मला पाहून तिनं शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. “जोतिबा, हितं ये की. माझ्याजवळ बस.”

“मागं बरं दिसतंय, मावशी,” मी म्हणालो, आणि तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला मला कुठल्या ना कुठल्या शाळेत बोलवायचे. मी तिथं एकच प्रसंग सांगायचो. चौकी जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी दगडाआड लपलेला शत्रूचा एक सैनिक माझ्यावर चालून आला, माझ्या बंदुकीतली गोळी अडकली, आणि मी संगिनीनं त्याचा निकाल लावला. पोरं श्वास रोखून ऐकायची. ‘निकाल लावला’ म्हटलं की टाळ्या. त्या महिन्याच्या पंधरा तारखेलाच, म्हणजे या शनिवारच्या आधी आठवडाभर, मी तो प्रसंग एका हायस्कुलात सांगून आलो होतो.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला.

पहिली पंधरा-वीस मिनिटं भाषणं होती. आमच्याकडची, त्यांच्याकडची. शब्द वेगळे, हातवारे तेच. मागच्या पोरांत कुजबुज व्हायची, मग धनाजी त्यांना गप्प करायचा. मग आपल्याकडची एक विधवा आली, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावची. सरकारनं दिलेल्या पेट्रोल पंपावर उभी राहून ती बोलत होती. मग डोंगर दिसले. दहा वर्षांनी तो रंग पाहिला, राखाडी आणि तांबडा, मध्ये बर्फाचे पट्टे. माझे पाय खुर्चीखाली आखडले.

माहितीपटात तिकडची बरीच माणसं त्यांची त्यांची भाषा बोलत होती. खाली इंग्रजी अक्षरं यायची. सरांनी त्यांचं मराठी करून ठेवलं होतं आणि पडद्याच्या बाजूला टेबलाशी उभं राहून, बॅटरीच्या उजेडात, ते माइकवर वाचत होते.

मग ती आली. त्यांच्याकडची.

मातीचं घर, सपाट छप्पर. छपरावर जर्दाळू वाळत घातलेले. काळ्या ओढणीतली म्हातारी तिथंच बाजेवर बसली होती. मागून धनाजी खोकला. हाच इशारा. मी उठणारच होतो.

तेवढ्यात पडद्यावर एक माणूस तिच्याजवळ गेला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं ओरडून त्यानं काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं परत ओरडून विचारलं.

सरांनी वाचलं, “बाईंना कमी ऐकू येतं.”

मी उठलो नाही.

धनाजी पुन्हा खोकला. मला ते ऐकू आलं आणि नाहीही आलं. मी त्या म्हातारीच्या कानाकडं बघत होतो.

आता तो प्रसंग खरा कसा घडला ते सांगतो.

चौकी आमच्या हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आणखी एक जवान खालच्या अंगाला दगड तपासत फिरत होतो. एका मोठ्या शिळेआड तो पडला होता. वय बावीस-तेवीस. अंगात पातळ जाकीट. पोटात गोळी लागून बराच वेळ झालेला होता. बंदूक त्याच्यापासून दहा हातांवर होती आणि तिच्यापर्यंत जायचं त्याच्यात बळ नव्हतं. मी बरोबरच्या जवानाला वर पाठवलं, स्ट्रेचर आण म्हणून, आणि त्याच्याजवळ बसलो. तो पाणी मागत होता. पोटात गोळी असलेल्याला पाणी द्यायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण तो वाचणार नाही हे दिसत होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या झाकणानं थोडं थोडं पाजलं. चार झाकणं तो प्यायला. पाचवं ओघळलं.

त्यानं नाव सांगितलं, फिदा. गावाचंही नाव सांगितलं. मोडक्या उर्दूत म्हणाला, घरी कळवाल तेव्हा जोरात बोला, आई उंच ऐकते, म्हणजे तिला कमी ऐकू येतं. त्याला वाटत होतं, मी किंवा कुणीतरी त्याच्या घरी जाणार आणि आईशी बोलणार. तीनदा त्यानं तेच सांगितलं. जोरात बोला. मी म्हटलं, बोलेन.

स्ट्रेचर यायच्या आत तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला तिथंच दगड रचून पुरलं. आमच्यातल्याच एका मुसलमान जवानानं दुआ म्हटली. आम्ही टोप्या काढून उभे होतो.

रजेवर आलो तेव्हा गावानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माझी मिरवणूक काढली. गुलाल, बेंजो. कुणीतरी ट्रॉलीवर चढून ओरडून विचारलं, “मेजर, किती मारलं?” खरं म्हणजे मी कुणाला मारलं की नाही, मला माहीत नव्हतं. अंधारात, चढावर, आम्ही सगळेच गोळ्या झाडत होतो. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी एक बोट वर केलं. त्या एका बोटाला पुढं दगड आला, मग अडकलेली गोळी आली, मग संगीन. मी ज्याला पाणी पाजलं त्यालाच मी दहा वर्षं शाळाशाळांतून मारत होतो.

पडद्यावर म्हातारी बोलायला लागली होती. सर वाचत होते. त्यांचा आवाज मुळातच मऊ होता, वर्गात कविता शिकवताना असायचा तसा.

“फौजेतले आधी म्हणाले, तुझा मुलगा रजेवर गेलाय. मग म्हणाले, तो आमचा नव्हेच. आमच्यात त्या नावाचा कुणी नाही. मी म्हटलं, फिदा हुसेन. डाव्या भुवईवर बकरीनं शिंग मारलेली खूण आहे. ते म्हणाले, नाही.”

तिनं बोटानं आपल्याच भुवईवर एक रेघ ओढली. मला ती खूण पाहायला फोटो लागत नव्हता. पाण्यानं त्याचं तोंड पुसताना मी ती पाहिली होती.

पडद्यावरच्या माणसानं ओरडून विचारलं, तुम्हाला काय हवंय? नुकसानभरपाई? न्याय?

म्हातारीनं हातानं जर्दाळूवरच्या माश्या हाकलल्या. मग बोलली, आणि सरांनी ते जरा थांबून वाचलं.

“मारलं कुणी ते मी विचारत नाही. लढाईत मारतातच. मला दोन गोष्टी कळू देत. त्याला शेवटी कुणी पाणी दिलं का? आणि तो मातीखाली आहे की उघड्यावर?”

हॉलमध्ये कुणी हललं नाही. धनाजीची पोरंसुद्धा. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून गौराबाईचा आवाज आला. ती पडद्याकडं बघूनच बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी.

“दिलं असंल बाई. दिलं असंल कुणीतरी. मानसंच असत्यात ती बी.”

कुठंतरी बायकांच्या रांगेत हुंदका आला. मग मागून धनाजीचा आवाज फुटला. “अरे, काय चाललंय ह्ये? कुणासाठी रडाय लागलाय?” पोरांनी घोषणा सुरू केल्या. कुणीतरी दिवे लावले. पडद्यावरची बाई एकदम फिकी झाली, पण दिसत होती, बोलत होती.

मी उभा राहिलो.

सगळा हॉल माझ्याकडं वळला. घोषणा थांबल्या. सरांनी हात वर केला. “थांबा. जोतिबा बोलतोय. तो तिथं होता. त्याला बोलू द्या.”

मी बोलू शकलो असतो. तोंडात शब्द होते. फिदा, शिळा, चार झाकणं. एवढंच म्हणायचं होतं की पाणी मी दिलं आणि तो मातीखाली आहे. पण ते म्हटलं की संगीन गेली. ट्रॉली गेली, गुलाल गेला, हायस्कुलातली पोरं गेली. दारात धनाजी उभा होता आणि त्याच्या मागं गावातले चारजण, ज्यांनी माझा प्रसंग निदान पाच वेळा ऐकला होता.

“बंद करा हे!” मी ओरडलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “आमची माणसं मेली तिथं. बंद करा!”

टाळ्या पडल्या. गौराबाई खुर्चीतून वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

“जोतिबा, तू हुतास न्हवं तिथं? दिलं असंल का रं तिच्या पोराला कुणी पानी?”

सगळे ऐकत होते. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, “असल्यांना पाणी देत नसतात, मावशी.”

पुन्हा टाळ्या. शिट्ट्या.

गौराबाई परत पडद्याकडं वळली. मग हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, “मग माझ्या इलासलाबी कुणी दिलं नसंल.”

टाळ्यांत ते फार कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. विलास अकरा दिवस त्यांच्याकडं पडला होता. दहा वर्षं ती मला डोंगराबद्दल जे विचारत होती, ते हेच विचारत होती, हे मला त्या क्षणी कळलं. आणि उत्तर देऊन झालं होतं.

पुढचं चार मिनिटांत आटोपलं. पडदा फाडला, प्रोजेक्टर खाली आला, दहा-बारा खुर्च्या मोडल्या. माणसं जिन्यावरून धक्काबुक्की करत उतरली. गौराबाईला कुणीतरी धरून नेलं. सरांना कुणी मारलं नाही, पण गर्दीत त्यांचा चष्मा पडून फुटला. ते गुडघ्यावर बसून काचा गोळा करत होते. मी वाकून मदत करायला गेलो.

“पाहून बोल म्हटलं होतं,” ते वर न बघता म्हणाले. “पाहिलंस ना?”

“पाहिलं, सर.”

“मग ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा हात वर केलेला फोटो आला. पंधरा दिवसांनी मी संघटनेचा अध्यक्ष झालो. फेटा बांधला, नारळ दिला. धनाजीनं भाषणात मला तालुक्याचं भूषण म्हटलं.

गौराबाईनं मला दिवाळीला बोलावलं नाही. मीही गेलो नाही. सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिनी, शहिदांच्या घरच्यांचा सत्कार असतो, आता तो मी अध्यक्ष म्हणून करायचा होता. यादीत तिचं नाव पहिलं होतं. ती आली नाही. तिची थोरली सून मालू शाल घ्यायला आली. कार्यक्रम संपल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“मावशीची तब्येत बरी नाही का?”

“तब्येत बरी हाय,” मालू म्हणाली. “पर दाजी, त्या सिनिमापासनं त्यांचं चित्त थाऱ्यावर न्हाई. तांब्या तोंडाला लावत्यात आनि तसाच खाली ठेवत्यात. म्हनत्यात, त्येला कुणी दिलं न्हाई. इलास भावजीच्या फोटोला हार घालाय गेलं की म्हनत्यात, हार कशाला, त्यो तान्हेला गेलाय.”

सिनेमाला अकरा महिने झाले होते. मी तसाच सत्काराच्या कपड्यांत वाडीला गेलो.

गौराबाई सोप्यात वाकळ शिवत बसली होती. मला बघून तिनं सुई थांबवली नाही. मी उंबऱ्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. शिळा, जाकीट, झाकणं, दुआ. एक शब्द वगळला नाही. ती ऐकत होती. मध्येच दात लावून तिनं दोरा तोडला.

“मग शाळंत सांगतोस त्ये?” ती म्हणाली.

“ते खोटं, मावशी.”

“संगीन?”

“खोटं.”

“आनि वाचनालयात बोललास त्ये?”

“तेही खोटं. म्हणून तर आलोय. पाणी देतात, मावशी. मी दिलं. आपल्या विलासलाही तिकडच्या कुणीतरी…”

“गप.” तिनं नवा दोरा ओवला. तीनदा ओवावा लागला. “मालूनं तुला सांगितलं असंल, म्हातारी पानी पीत न्हाई म्हनून. म्हनून माझी समजूत घालाय आलास.”

“नाही मावशी, शपथ. विलासची शपथ.”

“त्येची शपथ घेऊ नगंस.” आता ती माझ्याकडं बघत होती. “जोतिबा, तवा शंभर मानसांत म्हनालास, देत न्हाईत. आज हितं सोप्यात, कुणी नसताना म्हनतोस, दिलं. मी कुठलं खरं धरू? मानूस चारचौघांत बोलतंय त्येच खरं धरायचं असतंय.”

तिनं वाकळीची घडी उलटली.

“बरं, धरू की तू दिलंस,” ती म्हणाली. “मग त्या बाईला कळवलंस?”

“नाही.”

“वरीस होत आलं.”

“हो.”

“मग हितं काय करतोस? माझ्या पोराचं मला कळायचं न्हवतं, कळलं न्हाई. तिच्या पोराचं तर तुला ठावं हाय. ऊठ. जा आदी.”

मी तिथून सरळ सरांकडं गेलो. सरांनी नवा चष्मा केला होता. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

“कसं लिहू, सर?”

“ते मी सांगणार नाही,” सर म्हणाले.

मी दोन पानं लिहिली. शिळेची खूण, नाल्यापासूनचं अंतर, दगड कसे रचले, सगळ्याचा नकाशा काढला. तो काय म्हणाला ते लिहिलं. जोरात बोला, हेही लिहिलं. सरांनी त्याचं इंग्रजी केलं आणि पुण्याला आठल्येबाईंकडं पाठवलं. त्यांनी ते पुढं त्यांच्या तिकडच्या सहकाऱ्याकडं पाठवलं.

संघटनेचा राजीनामा मी दिला नाही. पुढं सहा वर्षं अध्यक्ष होतो. शाळांत जाणं मात्र बंद केलं, गुडघ्याचं कारण सांगून. खरं काय ते त्या पोरांना सांगायला मी एकाही शाळेत परत गेलो नाही.

उत्तर ऑक्टोबरात आलं. आठल्येबाईंनी मराठीत लिहिलं होतं, थोडक्यात. तिकडचा माणूस पत्र घेऊन त्या गावी गेला होता. घराला कुलूप होतं. म्हातारी मार्चमध्ये वारली, बर्फ वितळायच्या सुमारास. तिची एक मुलगी दुसऱ्या खोऱ्यात दिली होती. तिला शोधून त्यानं पत्र वाचून दाखवलं. ती रडली नाही. नकाशा ठेवून घेतला. आणि एकच विचारलं, या माणसाला हे दहा वर्षं माहीत होतं, मग आई असताना का नाही पाठवलं?

हे पत्र सरांनी मला त्यांच्या घरी वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं. मार्च म्हणजे मी अध्यक्ष होऊन सहा महिने झाले होते. वाचनालयातल्या त्या शनिवारी ती जिवंत होती.

दोन दिवसांनी वाडीवरनं सांगावा आला. गौराबाईनं बोलावलं होतं. गेलो. ती सोप्यातच बसली होती, वाळली होती फार. समोर पाण्याचा तांब्या भरून झाकून ठेवलेला.

“आलं का रं उत्तर? म्हेत्रे मास्तरांकडं टपाल आलंय म्हनं.”

“आलं, मावशी.”

“मग? पोचलं का तिला?”

खिशात पत्र होतं. तिला वाचता येत नव्हतं.

“पोचलं,” मी म्हणालो.

“ऐकू आलं का तिला? कमी ऐकती न्हवं ती?”

“कानाशी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं.”

“काय म्हनाली?”

मी भिंतीकडं बघितलं. “म्हणाली, ज्यानं पाणी दिलं त्याचं भलं होऊ दे.”

गौराबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. खरं सांगितलं तेव्हा तिनं माझ्या शपथेवरसुद्धा विश्वास ठेवला नव्हता. आता मला वाटलं, ती विचारेल, कुठं आहे ते पत्र, दाखव मालूला. तिनं विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले, आणि दहा वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. पुढं वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“बस,” ती म्हणाली. “च्या घेऊन जा.”

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. चुलीशी बसलेल्या सुनेला सांगताना तिचा आवाज बाहेर ऐकू आला. “मालू, कळलं बरं का त्या बाईला. बरं झालं बाई, जीव असंस्तवर कळलं.”